गिटार सुरात लावली तरी टिकत नाही: दोष खुंट्यांचा की आणखी कुठला?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. आमचा भावगीतं-भक्तिगीतांचा छोटा ग्रुप आहे, नाशिकच्या गंगापूर रोड परिसरातला. पेटी, तबला, दोन गाणारे आणि साथीला माझी गिटार. साधी अकूस्टिक, स्टीलच्या तारांची, डोक्याला तीन-तीन खुंट्या असलेली. गणपती आणि नवरात्रात कार्यक्रम असतात, म्हणून हा प्रश्न आता लांबवता येणार नाही.

त्रास असा. घरी मोबाइलच्या ॲपवर सहाही तारा नीट लावते. पहिलं गाणं चांगलं जातं. दुसऱ्या गाण्यात तिसरी तार, म्हणजे जी, बिघडते. बहुतेक वेळा उतरते, पण कधी कधी चढलेलीही सापडते आणि हेच मला कळत नाही. खुंटी फिरवताना 'टिंग' असा बारीक आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो. दुसरी तक्रार वेगळी आहे. ॲप म्हणतं सगळं बरोबर, पण सी आणि एफ कॉर्ड धरले की कानाला टोचतं. कॅपो (मानेवर लावायचा, सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला की जास्तच.

दुकानात दाखवली. त्यांनी अकराचा सेट (आकडा सगळ्यात बारीक तारेच्या जाडीचा) काढून बाराचा चढवला. जाड तारा सूर धरून ठेवतात म्हणाले. त्यानंतर जीचा त्रास वाढला. आता सगळ्या खुंट्या बदला असा सल्ला मिळाला आहे. खर्चाची तयारी आहे, पण त्याने प्रश्न सुटणार असेल तरच. कुणाला अनुभव आहे का?

सिडको_स्ट्रमर

तारा नव्या आहेत ना? मग ताणून घेतल्यात का? बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) प्रत्येक तार बोटांनी हलकेच वर उचलून ओढायची, सूर उतरेल, पुन्हा लावायची. ओढूनही सूर हलेनासा झाला की तार बसली. हे केलं नाही तर नवा सेट पहिले काही दिवस उतरतच राहतो.

आणि खुंटीवर वेढे किती आहेत ते बघा. जाड तारेला दोन-तीन, बारीक तारेला तीन-चार, सगळे खालच्या दिशेने एकाखाली एक. एकमेकांवर चढलेले वेढे वाजवताना दबत जातात आणि सूर उतरतो.

गोदाकाठची

ताणून घेतल्या आहेत, रोज रियाज असतो, आता त्या नव्या राहिलेल्या नाहीत. वेढे पाहिले, जीला अडीच आहेत आणि नीट एकाखाली एक आहेत.

टूलरूम_अंबड

ताई, खुंट्यांवर आत्ता एक रुपयाही घालू नका.

मी अंबड एमआयडीसीत टूलरूमला आहे आणि सुट्टीच्या दिवशी ओळखीच्यांच्या गिटारी सेट करून देतो. तुम्ही एकाच पोस्टमध्ये दोन आजार लिहिले आहेत. 'सूर टिकत नाही' हा एक. 'मोकळी तार बरोबर, दाबली की बेसूर' हा दुसरा. पहिल्यात तार कुठेतरी अडकते किंवा सरकते. दुसऱ्यात फ्रेटवर दाबताना तारेचा ताण किंवा लांबी चुकते. औषधं पूर्ण वेगळी आहेत. दोन्ही एकत्र करून 'गिटार बेसूर आहे' म्हटलं की दुकानदार जे बदलणं सोपं ते बदलतो.

आधी खुंट्यांचं बोलू. आत वर्म (आट्यांचा दांडा) आणि गिअर (दातांचं चाक) असतो. वर्म गिअरला फिरवतो, गिअर वर्मला उलटा फिरवू शकत नाही. म्हणजे तारेने कितीही ओढलं तरी धड असलेली खुंटी आपोआप सुटत नाही. सैल होतात त्या भोवतालच्या गोष्टी: डोक्याच्या पुढच्या बाजूला खुंटीच्या बुडाशी असलेला षट्कोनी नट, आणि मागचे बारीक स्क्रू. नटला बहुतेक वेळा १० नंबरचा पाना बसतो. बेतानेच आवळा, जोर लावला तर लाकूड दबतं.

खुंटीत बॅकलॅश, म्हणजे दातांमधला थोडा मोकळा खेळ, मात्र असतोच. म्हणून सूर नेहमी खालून वर आणून थांबवायचा. वर निघून गेला तर तसाच खाली आणून सोडू नका. चांगला खाली उतरवा आणि पुन्हा चढवत या. नाहीतर वर्म आणि गिअरच्या दातांमध्ये राहिलेली मोकळी जागा पहिल्याच जोरदार स्ट्रोकला भरून निघते आणि सूर उतरतो.

आता तुमचं सगळ्यात कामाचं वाक्य: 'कधी कधी चढलेलीही सापडते.' सैल खुंटी, सरकणारा वेढा, न बसलेली नवी तार, या सगळ्यांत सूर फक्त उतरतो. वाजवता वाजवता चढतो तेव्हा तार अडकत असते, आणि अडकण्याची पहिली जागा म्हणजे नट (खुंटीचा नट नव्हे), फ्रेटबोर्डच्या टोकाला खाचा असलेली ती पांढरी पट्टी. खुंटी फिरवली की नट आणि खुंटी यांच्यातला तुकडा ताणला जातो, पण तार खाचेत धरलेली असल्यामुळे तो ताण पुढे पोचत नाही. मग एकदम सुटते. तुमचा 'टिंग' तोच.

घरी करून पाहा, काही लागत नाही:

जी तार ॲपवर बरोबर लावा. मग नट आणि खुंटी यांच्या मधल्या तुकड्यावर बोटाने दाबा आणि सोडा. ॲप बघा. त्यानंतर बाराव्या फ्रेटपाशी तार बाजूला ओढा आणि सोडा. पुन्हा ॲप बघा. दाबल्यावर सूर चढून राहिला आणि ओढल्यावर उतरून राहिला, तर नट तार धरतोय हे नक्की. खाच मोकळी असेल तर दोन्ही वेळा काटा होता तिथे परत येतो.

गोदाकाठची

आत्ताच केलं. दाबून सोडल्यावर जी ९ सेंट (१०० सेंट म्हणजे एका फ्रेटचं अंतर) वर राहिली. ओढून सोडल्यावर ११ सेंट खाली. डी तारेलाही थोडं होतंय, ३-४ सेंट. बाकीच्या चार तारा जागेवर येतात.

टूलरूम_अंबड

मग सापडलं. डी आणि जी याच दोन तारांना होणं बरोबरच आहे. तीन-तीन खुंट्यांच्या डोक्यावर या दोन तारा नटमधून निघाल्या की सगळ्यात जास्त बाजूला वळतात, त्यामुळे खाचेच्या भिंतीला घासतात.

आणि बाराचा सेट लावल्यावर का वाढलं ते पाहा. नेहमीच्या अकराच्या सेटमध्ये जी तार २२ थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असते, बाराच्या सेटमध्ये २४ थाऊची. मिलिमीटरमध्ये ०.५६ आणि ०.६१. तुमचा नट अकरासाठी कापलेला असणार. २२ च्या खाचेत २४ ची तार ठोकून बसवली तर ती हलणार कशी? खाच तारेपेक्षा एक-दोन थाऊ रुंदच हवी. जाड तारा सूर धरून ठेवतात हे सरसकट खरं नाही, खाचेने तार धरून ठेवली तर उलटंच होतं.

तात्पुरता उपाय: तार सैल करून खाचेतून बाजूला घ्या, मऊ पेन्सिल (२बी किंवा त्याहून काळी) खाचेत घासा, ग्रॅफाइटची पूड खाचेत बसू द्या, तार परत लावा. कार्यक्रम उद्यावर असेल तर एवढं पुरतं. खाच मोठी करणं हा खरा इलाज.

दुसऱ्या आजारासाठी आणखी एक करून सांगा. कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावा, कॅपो लावलेल्या स्थितीत सहाही तारा ॲपवर पुन्हा लावा, आणि मग सी कॉर्डचाच आकार धरा. टोचतं का?

पंचमस्वर

मध्ये बोलतो, कारण 'कानाला टोचतं' हा भाग फक्त दुरुस्तीचा नाही. ताई, तुम्ही गाणं शिकला आहात का? तानपुऱ्यावर?

गोदाकाठची

हो, लहानपणापासून. पंचवटीत बाईंकडे.

पंचमस्वर

तसं वाटलंच. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो तो तारेचा पाचवा अंश. षड्जापासून तो साधारण ३८६ सेंटवर. गिटारच्या फ्रेट मात्र सप्तकाचे बारा समान भाग करून ठोकलेल्या असतात, प्रत्येक भाग १०० सेंटचा. त्यामुळे गिटारचा शुद्ध गांधार बरोबर ४०० सेंटवर पडतो. म्हणजे १४ सेंट चढा. पंचमात फरक जेमतेम २ सेंटचा, तो कुणाला जाणवत नाही. गांधाराचा जाणवतो, आणि तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला तर फारच.

यातून एक सापळा तयार होतो. जी आणि बी या दोन मोकळ्या तारांमध्ये नेमकं हेच अंतर आहे, सा आणि ग. गाणारी माणसं काय करतात, जी कॉर्ड वाजवून बघतात, बी तार चढी वाटते, मग ती कानाने उतरवतात. जी कॉर्ड लखलखीत होतो. पण तीच बी तार ई कॉर्डमध्ये पंचम असते आणि सी कॉर्डमध्ये पहिल्या फ्रेटवर षड्ज. तो पंचम आणि तो षड्ज आता १४ सेंट उतरलेले. एक कॉर्ड जिंकला आणि दोन गमावले. बारा समान भागांच्या वाद्यावर प्रत्येक कॉर्ड थोडाथोडा सोसायचा असतो.

पाचव्या आणि सातव्या फ्रेटवरच्या हार्मोनिक्सनी (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेल्या स्वरांनी) गिटार लावणारेही याच फेऱ्यात अडकतात. सातव्या फ्रेटचा हार्मोनिक शुद्ध पंचम देतो, फ्रेटचा पंचम तसा नाही. दर तारेला २ सेंट चूक, आणि ती पुढे साठत जाते.

टूलरूम_अंबड

पंचमस्वरजी, पूर्ण मान्य. फक्त क्रम महत्त्वाचा वाटतो. ते १४ सेंट जगातल्या प्रत्येक फ्रेटवाल्या गिटारला आहेत. ताईंना जी कॉर्ड चालतो, सी आणि एफ टोचतात. गांधार तर तिन्हींत आहे. म्हणजे १४ सेंटच्या वर या गिटारची स्वतःची काहीतरी भर आहे. ती आधी काढू, मग जे उरेल ते तुमचं.

पंचमस्वर

बरोबर आहे. थांबतो.

गोदाकाठची

कॅपो लावून पुन्हा लावली. सीचा आकार धरला. टोचत नाही! एफचाही बराच बरा वाटला. मग कॅपो काढला, मोकळ्या तारा परत लावल्या, सी धरला, पुन्हा तेच. ॲपवर पाहिलं: बी तार मोकळी बरोबर, पहिल्या फ्रेटवर १३ सेंट वर. जी तार पहिल्या फ्रेटवर १५ सेंट वर. पाचव्या फ्रेटवर दोन्ही ३-४ सेंट वर, बाराव्यावर २.

टूलरूम_अंबड

याहून स्वच्छ रीडिंग मिळणार नाही. कॅपो लावल्यावर नट खेळातून बाहेर जातो, कॅपोखालची फ्रेट नटचं काम करते. त्यावेळी कॉर्ड सुधारले, म्हणजे दोष नटच्या उंचीत. खाचा उथळ कापल्या आहेत, तार पहिल्या फ्रेटपासून फार उंच आहे. ती खाली दाबायला जास्त ताणावी लागते आणि ताणली की सूर चढतो. नटच्या अगदी जवळ असल्यामुळे हा परिणाम पहिल्या फ्रेटवर सगळ्यात जास्त आणि पुढे कमी कमी होत जातो. तुमचे १३, ४ आणि २ हे आकडे तेच सांगतात. सी आणि एफ हे दोन्ही कॉर्ड पहिल्या फ्रेटवर बोट ठेवून वाजतात. जी कॉर्डला पहिल्या फ्रेटवर कुणी बसत नाही, म्हणून तो वाचला.

आधी तुम्हाला कॅपोने जास्त त्रास वाटत होता, त्याचं कारण कॅपोचा दाब. घट्ट स्प्रिंगचा कॅपो तारा फ्रेटवर दाबून चढवतो, त्यात तुमची जी तार खाचेत अडकणारी. कॅपो फ्रेटच्या तारेला अगदी खेटून लावा, सरळ बसवा, आणि लावल्यावर एकदा सूर तपासा.

मोजायचं कसं: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघा. साध्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिमी असते. फट त्या कागदाइतकी किंवा किंचित कमी हवी. कागद घालून उरलेल्या जागेत आणखी दोन कागद जात असतील तर नट उंच आहे. तार फ्रेटला टेकलेली असेल तर उलट, खाच जास्त खोल गेली आहे.

गोदाकाठची

बी आणि जीखाली तीन कागद सहज गेले. जाड ई खाली चार.

नाशिकरोड_इलेक्ट्रिक

खूप शिकायला मिळतंय. माझी इलेक्ट्रिक आहे, ट्रेमोलो ब्रिजवाली (तारांचं खालचं टोक धरणारा ब्रिज दांडीने हलवता येतो अशी). दांडी वापरली की सगळंच बिघडतं. हाच नटचा प्रश्न?

टूलरूम_अंबड

आधी तीच परीक्षा करा, दाबून आणि ओढून. नट ठीक निघाला तर डोक्यावरच्या त्या छोट्या क्लिपा बघा, ज्यांच्याखालून बारीक तारा जातात. तिथेही तार घासते. मग ब्रिजचे पुढचे स्क्रू: ब्रिज ज्यांच्या धारेवर डोलतो ती धार झिजली असेल तर तो प्रत्येक वेळी वेगळ्या जागी थांबतो. तरंगत्या ब्रिजवर एक तार बदलली की बाकी पाचांचा ताणही हलतो, म्हणून सहाही तारा दोन-तीन फेऱ्यांत लावायच्या. दांडी वापरत नसाल तर मागच्या स्प्रिंगा आवळून ब्रिज लाकडाला टेकवून टाका. अर्धी डोकेदुखी जाते.

तुमच्याकडे प्रत्येक तारेचा सॅडल (ब्रिजवर तार जिथे टेकते तो तुकडा) स्क्रूने पुढे-मागे होतो, म्हणून हेही पाहून घ्या. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर एकच यायला हवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे न्या, तार लांब होते. उतरलेला असेल तर पुढे. हे फक्त ताज्या तारांवर करायचं. गंजलेल्या, मळ बसलेल्या तारेची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही, तिच्यावर केलेलं सेटिंग नव्या तारा चढवल्या की वाया जातं.

देवळालीकर

हवामानाचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. नट कापायच्या आधी मान तपासा. नाशिकची हवा वर्षभरात फार हलते. एप्रिल-मेच्या दुपारी कोरडी ठणठणीत, जुलै-ऑगस्टमध्ये ओल. लाकूड पाणी पितं आणि सोडतं. पावसाळ्यात पुढची फळी ब्रिजच्या मागे फुगते, ब्रिज वर येतो, तारा उंच होतात आणि सूर चढतो. उन्हाळ्यात फळी बसते, फ्रेटची टोकं हाताला लागायला लागतात. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असेल तर गिटार सुखात असते. छोटा आर्द्रतामापक आणून केसमध्ये ठेवावा. माझ्याकडे देवळालीतलं जुनं जाड भिंतींचं घर आहे तिथे गिटार वर्षानुवर्षं शांत राहिली. मुलाच्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, स्लॅबखाली, तीच गिटार उन्हाळ्यात दर आठवड्याला हलते.

टूलरूम_अंबड

देवळालीकर काका, अगदी योग्य वेळी आठवण केलीत. ताई, हे आधी बघू: जाड ई तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि चौदाव्यावर दुसऱ्या हाताने दाबा. सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात फट किती? एक ते दोन कागद असेल तर मान ठीक आहे. खूप जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळई) थोडा आवळावा लागेल, एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मान दुरुस्त केली की नटची फटही थोडी बदलते, म्हणून क्रम मान, मग नट, मग सॅडल. उलट्या क्रमाने केलं तर नट जास्त खोल कापला जातो आणि परत भरता येत नाही.

गोदाकाठची

दीड कागद असेल. ट्रस रॉडला हात लावत नाही. टूलरूमदादा, नट मी स्वतः घासू का?

टूलरूम_अंबड

ताई, नको. अर्धा मिलिमीटर म्हणजे पुष्कळ असतं इथे. रविवारी घेऊन या, समोर बसून करू, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला कळेल काय चाललंय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

गोदाकाठची

मंडळी, झालं. सविस्तर लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

दादांनी आधी जी तार इतकी सैल केली की खुंटीवर लोंबायला लागली. मग मला म्हणाले, खाचेतून उचला. बोटाने उचलली, येईना. नखाने उचलली तेव्हा 'टक' आवाज करून बाहेर आली. पूर्ण सैल तार, आणि तरी खाच तिला सोडत नव्हती. हे पाहिल्यावर मला खुंट्यांचा विचार करायची गरजच उरली नाही.

त्यांच्याकडे फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची पातळ पानं होती. पहिल्या फ्रेटवरची फट जीला ०.३३ मिमी निघाली. नटच्या खाचांसाठी वेगवेगळ्या जाडीच्या गोल फाइली, पण काही खाचांना त्यांनी गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या खरखरीत तारा वापरल्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात म्हणाले. दोन-तीन वेळा घासायचं, तार परत खाचेत, सुरात आणायची, तिसऱ्या फ्रेटवर दाबून मोजायचं, पुन्हा सैल. प्रत्येक तारेला असं. घाई अजिबात नाही.

एक गोष्ट मला माहीतच नव्हती. खाच सपाट नसते, ती डोक्याच्या बाजूला उतरती असते. तार खाचेच्या फ्रेटबोर्डकडच्या कडेवर टेकायला हवी, कारण तारेची वाजणारी लांबी तिथून मोजली जाते. माझ्या जीच्या खाचेत उतार उलटा होता, तार मागच्या कडेवर टेकत होती. म्हणून मोकळी जी तार वाजवताना अधूनमधून झणझण यायची, सतारीच्या जवारीसारखी, ती मी सॅडलची समजत होते. तीही गेली.

शेवटी सगळ्या खाचांत ग्रॅफाइट. आणि मोबाइलचा कॅमेरा आवाजाच्या भोकातून आत घालून ब्रिजखालचे तारांचे गोळे पाहिले. दुसऱ्या तारेचा गोळा पिनच्या टोकाला लटकला होता, आतल्या पट्टीला टेकला नव्हता. पिन काढून, तार वर ओढत ती बसवली. बी तारही थोडी उतरायची, ते बहुधा यामुळे.

आता आकडे: पहिल्या फ्रेटवर बी ३ सेंट वर, जी ४ वर. दाबून-ओढून परीक्षेत जी एका सेंटच्या आत परत येते. एफ कॉर्ड धरायला बोटांना लागणारा जोरही कमी झाला. दादांनी चहाशिवाय काही घेतलं नाही.

सिडको_स्ट्रमर

वा! मी आत्ताच माझी जी दाबून पाहिली. ७ सेंट. पेन्सिल शोधतोय.

पंचमस्वर

छान झालं. आता उरलेलं माझं बोलतो.

ताई, तुमच्याकडे साथीला पेटी आहे. पेटीही बारा समान भागांवरच लावलेली असते, म्हणून तिचा गांधार आणि गिटारचा गांधार एकमेकांशी भांडणार नाहीत. भांडण होतं ते गाणाऱ्याच्या गळ्याशी. हा वाद जुनाच आहे. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली त्यामागे हेही एक कारण होतं, आणि ती बंदी १९७१ च्या सुमारास सैल होईपर्यंत टिकली. तेव्हा तुमच्या कानाला जे टोचतं त्याला मोठी परंपरा आहे, कान चुकीचा मानू नका.

यावर एक उपाय मी भक्तिगीतांच्या साथीला नेहमी वापरतो. जी कॉर्डमध्ये सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर, पाचवी तार बोटाच्या कडेने मिटलेली, चौथी आणि तिसरी मोकळी, दुसरी आणि पहिली दोन्ही तिसऱ्या फ्रेटवर. असं वाजवलं की कॉर्डमध्ये फक्त सा आणि प उरतात. गांधार गाणाऱ्याकडे राहतो, तो त्याला हवा तिथे लावतो. संथ लयीच्या अभंगात, आलापाच्या मागे, हे फार शोभतं. द्रुत गाण्यात पूर्ण कॉर्ड वाजवा, तिथे गांधार क्षणभरच असतो, कुणाला लागत नाही.

गोदाकाठची

आत्ता वाजवून पाहिलं. तानपुऱ्याच्या शेजारी बसल्यासारखं वाटलं. खूप आभार.

शेवटचा एक प्रश्न. ॲपवर गिटार अगदी बरोबर असते, तरी पेटीशी जुळत नाही. सगळ्या तारा सारख्याच उतरलेल्या वाटतात. आमच्या गाणाऱ्या ताई काळी एकमध्ये (सी शार्पमध्ये) गातात.

पंचमस्वर

पेटीचा ए स्वर ४४० हर्ट्झवर असेलच असं नाही. बऱ्याच पेट्या थोड्या चढ्या असतात, जुन्या असतील तर जास्तच. ॲपमध्ये ४४० हा आधार बदलता येतो. पेटीची पांढरी सहा, म्हणजे ए, एकटी दाबून धरा, भाता एकसारखा हलका ठेवा, कारण जोरात हवा दिली की स्वर थोडा हलतो. ॲपवर किती हर्ट्झ दिसतात ते बघा. समजा ४४३ आले, तर ॲपचा आधार ४४३ करा आणि सहाही तारा त्यावर लावा. तिथे १ हर्ट्झ म्हणजे जवळजवळ ४ सेंट, त्यामुळे ३ हर्ट्झचा फरक कानाला नक्की कळतो. पेटीचा सूर जागेवर बदलत नाही, गिटारचा बदलतो, म्हणून नेहमी गिटारने पेटीकडे जायचं.

काळी एकसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि सीचे आकार, किंवा चौथ्या फ्रेटवर कॅपो आणि एचे आकार. दुसरा पर्याय पेटीच्या वर ठळक ऐकू येतो.

देवळालीकर

आणि सभागृहात एसी असेल तर गिटार केसमधून काढून निदान पंधरा-वीस मिनिटं तिथल्या हवेत राहू द्या, मगच लावा. उन्हातल्या गाडीतून थंड हॉलमध्ये आणली की स्टीलच्या तारा आकसतात आणि सूर चढतो. आल्या आल्या लावली तर पडदा उघडेपर्यंत पुन्हा हललेली असते. गाडीच्या डिकीत तर गिटार ठेवूच नका, मे महिन्यात ब्रिजचा गोंद सुटलेला पाहिला आहे.

टूलरूम_अंबड

आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तारा बदलू नका, तीन-चार दिवस आधी बदला. सेट बाराचाच ठेवा, आता खाचा त्याच मापाच्या आहेत. परत अकरावर गेलात तर तारा खाचेत सैल बसतील, वाजताना बाजूला सरकतील. आणि आवाजाच्या भोकाला ओलसर स्पंज लावायचा झाला तर तो पिळून, पाणी ठिबकणार नाही असा, आणि फक्त उन्हाळ्यात.

नाशिकरोड_इलेक्ट्रिक

माझा ब्रिज टेकवला, स्प्रिंगा आवळल्या. नट ठीक निघाला, दोष त्या क्लिपेखाली होता. तिथे ग्रॅफाइट घातलं. आता सॅडलला हात लावतो, ताज्या तारा आल्या की.